कुटचा वेढा: १४७ दिवस आणि चावडीवरची पाटी

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना परदेशी गावांची नावं नीट कळत नाहीत, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून बोलणं थोडं सारखं करून इथे देतोय. बाकी सगळं तसंच आहे.)



माझं आजोळ सातारा जिल्ह्यात. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, का ते शेवटी कळेल. तिथल्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही त्याच भिंतीवर चेंडू आपटून कॅच पकडायचो. पाटीला चेंडू लागला की आऊट, असा नियम होता. पाटीवर काय लिहिलंय हे वाचायला मला बरीच वर्षं लागली. इंग्रजीत दोन ओळी आहेत. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. झालं. दोन आकडे, आणि नाव एकाचंही नाही.

मामाला विचारलं, हे कुठे गेले होते? मामा म्हणाला, "बसऱ्याला." आणि तिथे काय झालं? "ते काय ठाऊक नाही बाबा. बसऱ्याला गेले, एवढंच म्हातारे सांगायचे."

अशा पाट्या महाराष्ट्रात एकदोन नाहीत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तुम्ही ऐकलं असेल, ज्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान गेले असं गाव सांगतं. कोकणात, देशावर, कुठे देवळाच्या आवारात, कुठे शाळेच्या भिंतीत या पाट्या आहेत. आपण त्यांच्यासमोरून रोज जातो. तर आजचा भाग 'बसऱ्याला' या एका शब्दात काय काय दडलंय त्याबद्दल.

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फ्रान्समधले खंदक, चिखल, विषारी वायू. सिनेमेही त्यावरच निघतात. पण भारतातून सर्वांत जास्त माणसं गेली ती फ्रान्सला नाही, मेसोपोटेमियाला. म्हणजे आजच्या इराकला. आणि तिथे सगळ्यात आधी उतरलेल्या फौजेचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. आपलं पुणे.

का गेली? तेल. इंग्रजांचं आरमार तेव्हा कोळशावरून तेलावर येत होतं. इराणच्या आबादानला तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता, आणि त्या कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारने घेतले होते. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला, आणि ६ नोव्हेंबर १९१४ ला आपली फौज इराकच्या टोकाला, फाव नावाच्या ठिकाणी उतरली. महिना संपायच्या आत बसरा हातात आलं. काम तिथेच संपायला हवं होतं. तेल सुरक्षित, बंदर ताब्यात.

पण सोपा विजय फार वाईट असतो. एक गाव घेतलं की त्याच्या रक्षणासाठी पुढचं गाव घ्यावंसं वाटतं. १९१५ च्या उन्हाळ्यात मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड या माणसाच्या हाताखाली पूना डिव्हिजन तैग्रिस नदीवरून वर सरकायला लागली. पुराच्या पाण्यात लहान लहान होड्यांतून लढाई झाली. मूठभर माणसांनी अमारा शहर घेतलं. सप्टेंबरमध्ये कुट घेतलं. आता बगदाद दिसायला लागलं. टाउनशेंडला स्वतःला वाटत होतं की एवढ्या फौजेवर बगदाद जमणार नाही, तसं त्याने वर कळवलंही. वरून आलं, पुढे जा.

२२ नोव्हेंबर १९१५. टेसिफोन. तिथे जुन्या इराणी बादशहांच्या राजवाड्याची एक प्रचंड कमान अजून उभी आहे. बगदाद तिथून तीस-पस्तीस किलोमीटर. तिथे तुर्कांनी रोखलं. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे लढणाऱ्यांपैकी तीनातला एक.

आणि जखमींसाठी सोय काय होती? जवळजवळ काहीच नाही. स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून मोडलेल्या हाडांची माणसं नदीपर्यंत आणली. तिथून बोटीत कोंबून बसऱ्याला पाठवली. कार्टर नावाच्या एका डॉक्टरने नंतर चौकशीत सांगितलं, की बोट लांबून येताना तिच्या बाजूंनी दोर लोंबतायत असं त्याला वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ते दोर नव्हते. डेकवर दाटीने पडलेल्या माणसांना हलता येत नव्हतं, त्यांची विष्ठा बोटीच्या कडेवरून ओघळून वाळली होती. या डॉक्टरने तक्रार केली तेव्हा त्यालाच दम भरण्यात आला. हे सगळं १९१७ मध्ये लंडनमध्ये छापून आलं आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. राजीनामा त्यांनी दिला हे खरं. पण बोटीतल्या माणसांना त्याचं काय?

हां, तर माघार. थकलेली पूना डिव्हिजन ३ डिसेंबरला कुटला परत आली. कुट म्हणजे नदीच्या वळणात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला तुर्क. ७ डिसेंबरला वेढा पूर्ण झाला. आत होत्या १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी, शिवाय पंजाबी, गुरखा, राजपूत, काही गोऱ्या पलटणी. मराठा पलटण म्हटलं तरी तिच्यात देशावरचे मराठे, कोकणातले मराठे आणि दख्खनी मुसलमान असे सगळे असायचे. लढणाऱ्यांच्या मागे आचारी, भिस्ती, धोबी, भंगी, खेचरवाले. आणि कुटचे स्वतःचे सहा हजारांच्या आसपास अरब रहिवासी. त्यांना कोणीच विचारलं नव्हतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण मला वाटतं या सगळ्या कथेत हीच सगळ्यात भयंकर आहे. टाउनशेंडने बाहेर तार केली की अन्न थोडंच दिवस पुरेल, लवकर सोडवा. बसऱ्याहून मदतीची फौज घाईघाईने निघाली. तोफा पुऱ्या नाहीत, डॉक्टर पुरे नाहीत, पाऊस, चिखल, समोर पक्के खंदक. जानेवारीत शेख साद, वादी, हन्ना अशा एकामागोमाग लढाया झाल्या आणि प्रत्येक ठिकाणी माणसं कापली गेली. हन्नाला तर जखमी माणसं थंडीच्या पावसात रात्रभर चिखलात पडून राहिली. आणि या लढाया झाल्यावर जानेवारीच्या शेवटी टाउनशेंडने कळवलं, की घरोघर झडती घेतली, धान्य सापडलं, आता अजून ८४ दिवस निघतील.

म्हणजे कोठारं आधीच नीट मोजली असती तर? घाई नसती. आपल्याकडे लग्नघरी पंगत बसायच्या आधी कोठीघरात डोकावून येणारी एक आत्या असते ना, तेवढी अक्कल एका डिव्हिजनमध्ये नव्हती. कुट सोडवायच्या प्रयत्नात एकूण २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. ज्यांना सोडवायचं होतं त्यांच्या जवळजवळ दुप्पट.

आत काय चाललं होतं? फेब्रुवारीपासून घोडे आणि खेचरं मारून खायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी खाल्लं. बहुतेक भारतीय शिपायांनी नकार दिला, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही. मग भारतातून धर्मगुरूंची परवानगी मागवण्यात आली. ती आली की खायला हरकत नाही. तरी शिपाई खाईनात.

हे ऐकून आज आपल्याला वाटतं, काय हा वेडेपणा, जीव चाललाय आणि यांना धर्म सुचतोय. पण त्यांचं म्हणणं काय होतं ते बघा. धर्मगुरूंनी तारेने परवानगी दिली हे ठीक, पण गावात कोण मानणार? घोडा खाऊन आला म्हणून उद्या वाळीत टाकलं तर? मुलीला स्थळ कोण देणार? रोटी-बेटी व्यवहार तुटला की माणूस जिवंत असून नसल्यासारखा. या माणसांना मरायचं नव्हतं, त्यांना घरी परत जायचं होतं, आणि नुसतं शरीराने नाही. शेवटी एप्रिलमध्ये, भाकरी अगदी पावावर आल्यावर, आणि जो खाईल त्याला बढती देऊ असं टाउनशेंडने सुनावल्यावर, बऱ्याच जणांनी खाल्लं. तोवर शेकडो भारतीय शिपायांना स्कर्व्ही झाला होता. हिरड्या सडतात, जुन्या जखमा परत उघडतात. ताजं मांस, भाजी काहीच पोटात नव्हतं. तिकडे गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला, कारण ते मैद्याचा पाव खात होते. आपले लोक जवाचं, कोंड्यासकटचं पीठ खात होते म्हणून त्यांना तो झाला नाही. एका वेढ्यात, एकाच गावात, पानात काय वाढलंय त्यावरून दोन वेगळे आजार. जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा तेव्हा नुकताच जन्माला आला होता.

एप्रिलमध्ये विमानातून अन्न टाकायचा प्रयोग झाला. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवायचा हा जगातला पहिलाच मोठा प्रयत्न. पिठाची पोती टाकली, आणि धान्य दळायला जात्याचे दगडही टाकले. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. २४ एप्रिलला जुलनार नावाची बोट २७० टन माल घेऊन रात्री घुसायला निघाली, ती पकडली गेली. शेवटचा उपाय म्हणून तुर्की सेनापती खलील पाशाला पैसे देऊ केले, आधी १० लाख पौंड, मग २० लाख. ही बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होता, हो, तोच पुढचा लॉरेन्स ऑफ अरेबिया. पाशाने नकार दिला.

२९ एप्रिल १९१६. १४७ दिवसांनी कुट शरण गेलं. लढणारे आणि मागचे मिळून साधारण १३ हजार माणसं कैद झाली.

इथून पुढे दोन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता टाउनशेंडचा. त्याला मानाने बगदादला आणि तिथून इस्तंबूलला नेलं. इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला, नोकरचाकर मिळाले. त्याचा लाडका कुत्रा होता, स्पॉट नावाचा. खलील पाशाने सौजन्य म्हणून तो कुत्रा नदीमार्गे इंग्रजांकडे सोडला आणि तो सुखरूप इंग्लंडला पोचला. १९१७ मध्ये, कैदेत असतानाच, टाउनशेंडला 'सर' ही पदवी मिळाली. पुढे तो खासदारही झाला.

दुसरा रस्ता शिपायांचा. अधिकाऱ्यांना वेगळं काढलं आणि उपाशी, जुलाबाने खंगलेल्या माणसांना चालवत बगदादकडे नेलं. अंतर साधारण मुंबई-पुण्याएवढं. तिथून समारापर्यंत रेल्वे होती. पुढे पुन्हा पायी, मोसूल, आणि वाळवंटातून रास अल-ऐनपर्यंत, मे-जूनच्या उन्हात. बूट पाण्याच्या एका बाटलीसाठी विकले, मग अनवाणी चालले. मागे पडला तो संपला. पोचले त्यांना बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. त्याच रास अल-ऐनच्या परिसरात, त्याच वर्षी, आर्मेनियन लोकांची शिरकाणं चालू होती. कुटचे अरबही सुटले नाहीत. इंग्रजांना मदत केली म्हणून शरणागतीनंतर तुर्कांनी त्यांतल्या कित्येकांना फासावर दिलं.

गोऱ्या शिपायांपैकी सुमारे अडीच हजार कैद झाले आणि १,७००च्या वर मेले. हा आकडा बराच नेमका आहे, कारण त्यांच्यासाठी घरून चौकशी झाली, याद्या झाल्या. भारतीयांच्या बाबतीत मात्र 'सुमारे' असाच शब्द सापडतो. हजारोंनी गेले. किती जण वाटेत मेले, किती जण कुठेतरी राहिले, याचा हिशोब तेव्हाच कच्चा होता.

हे आपल्याला कळतं कोणाकडून? बरंचसं इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींतून. आणि दोन बंगाली माणसांमुळे. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी कैदेत डायरी लिहायचे, पानं बुटात लपवायचे. पुढे त्याचं 'अभी ले बगदाद' हे पुस्तक झालं. दुसरे डॉक्टर कल्याण मुखर्जी. ते रास अल-ऐनला वारले, आणि त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, त्यांची पत्रं गोळा करून पुस्तक काढलं. विचार करा, नातू गेला, आणि ऐंशीच्या घरातली म्हातारी बाई पुस्तक लिहायला बसते.

मराठा पलटणीतल्या बहुतेक शिपायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र लिहायचं तर लिहिणारा शोधायचा. आठवण राहायला आधी अक्षर लागतं, हे मला या विषयात सारखं जाणवत राहिलं. आपण पॉडकास्टवाले 'आवाज, आवाज' करतो ना? त्याच काळात जर्मनीतल्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत ठेवलेल्या भारतीय कैद्यांचे आवाज तिथल्या भाषातज्ज्ञांनी तबकड्यांवर रेकॉर्ड केले. ते बर्लिनमध्ये आजही जपून ठेवलेत. ते फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेले. कुटच्या शिपायांपुढे कोणी कर्णा धरला नाही.

मागे या विषयाची पोस्ट टाकली तेव्हा एकाने कमेंट केली होती, "इंग्रजांसाठी लढलेल्यांना आपण का आठवायचं?" प्रश्न रास्त आहे, आणि मला त्याचा राग आला नाही. हे युद्ध आपलं नव्हतंच. पण शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. दुष्काळी पट्ट्यात, वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या शेतीत, ते ११ रुपये आणि पुढचं पेन्शन म्हणजे काय हे तुमच्या माझ्या पणजोबांना कळत होतं. आणि सगळ्यांना तर तेही मिळत नव्हतं. महार समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात बंद केली होती. शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले, काही झालं नाही. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. मेसोपोटेमियात हमालीसाठी तर भारतातल्या तुरुंगांतून कैदी नेले होते. मला विचाराल तर या माणसांना आठवणं म्हणजे इंग्रजांचा जयजयकार नाही. कोणाच्या सहीने कोण मेलं ते विचारणं आहे.

शिवाय ते युद्ध तिकडेच राहिलं नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात जहाजांतून इन्फ्लूएंझा उतरला. देशभर एक कोटीहून जास्त माणसं गेली. बसऱ्याला कोणीच न गेलेल्या घरांतूनही तिरड्या निघाल्या.

आणि एक गोष्ट अगदी अलीकडची. २००३ मध्ये अमेरिकेने इराक घेतल्यावर भारताकडे मागणी केली, की तिथे तुमचं सैन्य पाठवा. किती? एक डिव्हिजन. जवळपास १७ हजार. दिल्लीत महिनाभर खल झाला, पाठवावं म्हणणारेही बरेच होते. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने नाही सांगितलं. कारण संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नव्हता, कुटचं नाव त्यात नव्हतं. मी तेव्हा शाळेत होतो. आता मात्र ती बातमी वाचताना मला पूना डिव्हिजनच दिसते, ८८ वर्षांपूर्वी त्याच नदीवरून वर निघालेली.

आता स्मारकांचं. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं आहेत. १९२१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून पुण्यात मराठा युद्धस्मारकाची पायाभरणी झाली, त्याच दिवशी शिवाजी महाराजांच्या स्मारकाचीही. बसऱ्याला ४० हजारांवर माणसांचं मोठं स्मारक बांधलं. तिथे ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या शिपायांचे, पलटणीच्या नावाखाली, फक्त आकडे. बहुतेक हिंदू शिपायांना अग्नी दिलेला, त्यामुळे कबरही नाही. २०२१ मध्ये या युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने चौकशी अहवाल काढून हा भेदभाव होता असं मान्य केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी.

माझ्या आजोळच्या चावडीवरही आकडेच आहेत, हे मला तेव्हा एकदम लक्षात आलं.

कागदावर मात्र नावं आहेत. त्या कमिशनच्या वेबसाइटवर शोधता येतात, फोनवरही. पलटण टाका, 'सातारा' किंवा 'रत्नागिरी' टाका. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं. फक्त स्पेलिंगचं फार अवघड आहे. लिहिणारा गोरा कारकून, सांगणारा हवालदार. एकाच गावाची चार-पाच रूपं सापडतात. एकदा जमलं नाही म्हणून सोडू नका, उलटसुलट करून बघा.

मी तीन रात्री बसलो. शेवटी ११० व्या पलटणीखाली आजोळच्या गावासारखं दिसणारं एक नाव सापडलं. मामाला फोन केला, रात्रीचे साडेदहा झाले होते. शिपायाचं नाव, बापाचं नाव वाचून दाखवलं. मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "अरे, हे तर वरच्या आळीतलं घर. त्यांची सून अजून आहे की, नव्वदीची." म्हणून गावाचं नाव सांगत नाही. आधी त्या आजींना जाऊन विचारायचंय. पुढच्या रविवारी जातोय, रेकॉर्डर नेईन, पण बाहेर काढेनच असं नाही.